पाण्यावर निघण्याआधीचे सहा प्रश्न

आज आपण समुद्रावर जाणार आहोत. किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्या आपल्या बहिणींना समुद्र रोजचा आहे. घाटावरच्या आणि आतल्या गावांतल्या बऱ्याच जणींनी मात्र तो एखाद्या सहलीत, साडी आवरून घोटाभर पाण्यात उभं राहून पाहिलेला असतो. म्हणून आज आम्ही सगळं मुळापासून सांगणार आहोत.

गोष्ट आहे एका जर्मन बाईची. नाव फ्रेया हॉफमायस्टर. वयानं मोठ्या, म्हणून आपण त्यांना फ्रेयाताई म्हणू. १८ जानेवारी २००९ रोजी त्या ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या क्वीन्सक्लिफ या गावातून एका अरुंद, लांबट होडीत बसून निघाल्या. हातात वल्हं, होडीला ना शीड ना इंजिन. अख्ख्या ऑस्ट्रेलिया खंडाला फेरी घालून १५ डिसेंबर २००९ रोजी त्या त्याच गावात परत आल्या. दिवस लागले ३३२. अंतर झालं सुमारे १३,७९० किलोमीटर. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं आपण शाळेत शिकलो. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या एकोणीसपट अंतर त्या वल्हं मारत गेल्या. तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या.

त्यांच्याआधी ही फेरी एकाच माणसानं पुरी केली होती. न्यूझीलंडचे पॉल कॅफिन यांनी, १९८१-८२ मध्ये, ३६० दिवसांत. फ्रेयाताई दुसऱ्या, आणि बायकांमध्ये पहिल्या.

गटाच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा दोन प्रकारची उत्तरं येतात. काही जणी म्हणतात, "वाघीणच म्हणायची बाई." काही म्हणतात, "आपल्याच्यानं नाही बाई व्हायचं." दोन्ही उत्तरांनी बोलणं तिथंच संपतं. आम्हाला तिसरा प्रश्न विचारायचा आहे: हे केलं कसं? कारण नुसतं धाडस समुद्रावर एक दिवस टिकतं. ३३२ दिवस टिकायला रोज सकाळी काही प्रश्न स्वतःला विचारावे लागतात. ते सहा प्रश्न आज आपण एकेक करून बघू. शेवटी तेच प्रश्न आपल्या नदीवर, खाडीवर आणून ठेवू, कारण पाण्यावर आपणही जातो.

पहिला प्रश्न: होडी कशी आहे आणि ती मला सांभाळता येते का?

या होडीला कयाक म्हणतात. ती मूळची ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का अशा बर्फाळ मुलखांतल्या लोकांची. तिथं झाडं नाहीत. मग वाहून आलेली लाकडं आणि हाडं यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सील या समुद्री प्राण्याचं कातडं ताणून बसवायचं. शिकारीला पुरुष जात. पण ते कातडं शिवण्याचं काम बायकांचं. सुई कातड्याच्या आरपार काढायची नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे पाणी शिरायला भोकच राहत नाही. टाका चुकला तर गोठवणाऱ्या पाण्यात माणूस गेलाच. ग्रीनलंडमध्ये उमियाक नावाची मोठी, उघडी होडीही असे. घरचं सामान, पोरंबाळं घेऊन मुक्काम हलवायचा तेव्हा ती वल्हवायच्या बायकाच.

आताच्या बऱ्याच कयाक फायबरच्या असतात. फ्रेयाताईंची कयाक साधारण १८ फूट लांब होती आणि रुंदी दोन फुटांहून कमी. अशी होडी वरून बंद असते. मधे बसण्यापुरतं भोक. त्यात पाय पुढे पसरून बसायचं आणि कंबरेभोवती एक पाणी न शिरणारा घेर घालून तो भोकाच्या कडेला घट्ट बसवायचा, म्हणजे लाट अंगावर आली तरी आत पाणी जात नाही. पुढे आणि मागे सामानाचे बंद कप्पे असतात. त्यांत हवा कोंडलेली राहते, म्हणून मधल्या जागेत पाणी भरलं तरी होडी बुडत नाही.

वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बघणाऱ्याला वाटतं, सगळा जोर हातांचा आहे. तसं नाही. जात्यावर दळताना नुसत्या मनगटानं दळलं तर दोन पायलीत हात गळून जातो. जुन्या बायका कंबरेपासून अंग झोकून दळायच्या. कयाकचंही तसंच. पाय पुढच्या आधाराला रेटायचे, कंबर वळवायची, पाठीचा जोर वल्ह्यात आणायचा.

आणि होडी उलटली तर? डोकं खाली, पाण्यात. अशा वेळी बाहेर न पडता वल्ह्याचा एक फटका आणि कंबरेचा झटका देऊन होडीसकट परत सरळ व्हायचं असतं. शेकडो वेळा केल्याशिवाय हे अंगात बसत नाही. फ्रेयाताई या कलेत तरबेज आहेत.

एक गोष्ट इथं लक्षात घ्यायला हवी. त्या काही लहानपणापासून समुद्रावर वाढल्या नव्हत्या. आधी त्या कसरतीचे खेळ खेळायच्या, पुढे विमानातून छत्रीनं उड्या मारायच्या. पोटापाण्याला आइस्क्रीमची दुकानं चालवायच्या. कयाककडे त्या वळल्या तिशी ओलांडल्यावर, मूल झाल्यानंतर. आणि एकदम ऑस्ट्रेलियाला गेल्या नाहीत. २००७ मध्ये एका जोडीदारासोबत आइसलंडची फेरी केली, ३३ दिवसांत. मग न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाची फेरी एकटीनं केली, ७० दिवसांत. त्यानंतर ३३२ दिवसांची. पहिल्यांदा छोटं कर्ज घेऊन ते फेडायचं, मग त्याच्या दुप्पट घ्यायचं, हे गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न: वेळ कोणती?

वेळ म्हणजे तीन गोष्टी: ऋतू, वारा आणि भरती.

ऋतू आधी बघू. ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दक्षिण भागात आहे, म्हणून तिथं जानेवारीत उन्हाळा आणि जुलैत हिवाळा. दक्षिणेचा समुद्र हिवाळ्यात खवळलेला असतो. उत्तरेला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. मग फेरी आखायची कशी? दक्षिणेतून उन्हाळ्यात निघायचं, पूर्व किनाऱ्यानं वर जायचं, वादळांचा काळ संपल्यावर उत्तरेला पोचायचं, पश्चिमेनं खाली उतरायचं आणि दक्षिणेला परत उन्हाळा लागेल तेव्हा घरी यायचं. जानेवारीत निघून डिसेंबरात पोचण्यामागे हा हिशेब होता. पेरणी कधी, काढणी कधी हे जसं आपण नक्षत्रांवर बांधतो, तसंच.

मग वारा. पूर्व किनाऱ्याच्या वरच्या भागात वर्षाचे बरेच महिने आग्नेयेकडून वारा वाहतो. उत्तरेला जाणाऱ्याच्या तो पाठीशी येतो. शिवाय दिवसाचंही गणित आहे. सकाळी समुद्र बहुधा शांत. ऊन चढलं की जमीन लवकर तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो. शाळेत आपण त्यांना खारे वारे म्हणायचो. रात्री उलटे, जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई वारे. म्हणून कयाकवाले पहाटे उठून निघतात. आपल्याकडे उन्हं चढायच्या आत खुरपणीला जातो, त्याच कारणानं.

तिसरी भरती. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीनं हे होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि मोठी भरती येते. कोकणात तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान, तो भांग. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुपारची तशीच पहाटेची. घड्याळात मिनिटांचा फरक पडतो, पण कोळी बायकांना मासे आणायला, कालवं काढायला खडपावर कधी उतरायचं हे यावरून कळतं.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली म्हणून भाग आहे. तिथं भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात ११ मीटरपर्यंत फरक पडतो. तीनमजली घर सकाळी बुडालेलं आणि सहा तासांनी कोरडं, असं समजा. अरुंद जागांतून ते पाणी नदीच्या पुरासारखं धावतं. त्याच्याबरोबर गेलं तर फुकट ढकलून नेतं, विरुद्ध गेलं तर दिवसभर वल्हं मारून माणूस तिथल्या तिथे. आणि चुकीच्या वेळी किनारा गाठला तर समोर चिखलच चिखल. त्यातून सामानानं भरलेली होडी ओढायची. उत्तरेच्या त्या चिखलात आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी राहतात, म्हणजे तिथं रेंगाळूनही चालत नाही.

तिसरा प्रश्न: पाणी, खाणं आणि शरीर यांचं काय?

चोहीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी प्यायलं तर एवढं मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला शरीराला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं. म्हणजे तहान भागायच्या ऐवजी वाढते आणि माणूस आतून सुकत जातो. म्हणून प्यायचं सगळं पाणी बरोबर न्यायचं.

हिशेब मांडून बघू. उन्हात दिवसभर राबणाऱ्या बाईला चार लिटर पाणी धरू. आठ दिवसांचे झाले ३२ लिटर, म्हणजे ३२ किलो. तीन-चार कळशा. डोक्यावर हंडा-कळशी वाहणाऱ्या आपल्याला हे वजन वेगळं समजावून सांगायला नको. एवढं वजन त्या चिंचोळ्या होडीत भरायचं, त्यावर खाणं, तंबू, कपडे, औषधं, दुरुस्तीचं सामान. प्रत्येक वस्तू घेताना ती लागणार आहे का, असं विचारायचं. आणि वजन मधोमध, तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखं बसवायचं, नाहीतर होडी एका अंगाला कलते.

आता बायकांच्या मनातला प्रश्न. सभेत कुणी मोठ्यानं विचारत नाही, नंतर कानात विचारतात: लघवीला कुठं जायचं? होडीत बसून दहा-बारा तास. पुरुषांना बाटली चालते. बायकांसाठी नरसाळ्यासारखं साधन मिळतं, ते लावून बसल्या जागी डब्यात करता येतं. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या बायका हे वापरतात, आधी घरी सराव करतात आणि त्याची लाज धरत नाहीत. लाजेपायी पाणी कमी प्यायलं तर उन्हात चक्कर येते, डोकं दुखतं, मूत्रमार्गात जंतूंची लागण व्हायचा धोका वाढतो.

इथं आपण जरा थांबू. रानात आडोसा नाही, बाजारात सोय नाही, म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बाया आपल्यात किती आहेत? जळजळ होते, कंबर दुखते, अंगावर काढतो. समुद्रावर जाणारी बाई या गोष्टीचा विचार निघायच्या आधी करते, कारण तिचं शरीर हेच तिचं इंजिन आहे. आपलंही तेच आहे. कामाच्या ठिकाणी आडोशाची मागणी करणं हे चोचले नाहीत.

चौथा प्रश्न: उतरायची जागा कुठे आहे?

समुद्रात कयाक चालवणाऱ्यांना खोल पाण्यापेक्षा किनाऱ्याची भीती जास्त. लाटा फुटतात त्या किनाऱ्याजवळ. भरलेली होडी लाटेवर आडवी झाली की लाट तिला उलटी करून वाळूवर आपटते. म्हणून नकाशा बघून रोज ठरवायचं: आज कुठं उतरायचं, ती जागा चुकली तर दुसरी कुठली, आणि तिथवर पोचायला उजेड पुरेल का? भरलेली कयाक ताशी पाच-सहा किलोमीटर जाते असं धरलं, तर चाळीस किलोमीटरला सात-आठ तास. वारा समोरून आला की त्याहून जास्त.

पण काही ठिकाणी उतरायला जागाच नाही. पश्चिम किनाऱ्यावर झुइटडॉर्प नावाचे कडे आहेत. जवळजवळ २०० किलोमीटर समुद्रातून सरळ उभी भिंत. दक्षिणेलाही असे लांबच लांब कडे आहेत. तिथं एकदा शिरलं की पलीकडे निघेपर्यंत पाय टेकायचा नाही, रात्र होडीतच.

सगळ्यात मोठा टप्पा कार्पेंटारियाच्या आखाताचा. उत्तरेला समुद्र जमिनीत खोल घुसला आहे. काठाकाठानं वळसा घ्यायचा तर अंतर कितीतरी वाढतं, आणि काठ सगळा मगरींचा. फ्रेयाताईंनी आखात सरळ ओलांडलं. सुमारे ५७५ किलोमीटर, आठ दिवस आणि सात रात्री. जमीन दिसत नाही अशा पाण्यात. झोपायचं कसं? होडीच्या दोन्ही बाजूंना हवा भरलेले फुगे बांधायचे, म्हणजे ती डुलली तरी कलंडत नाही, आणि मागे रेलून मिळेल तेवढी डुलकी घ्यायची. अंगावर लाटा येतच राहतात, मिठानं कातडी सोलवटते. सकाळी पुन्हा वल्हं.

पाचवा प्रश्न: कधी थांबायचं?

तेरा हजार सातशे नव्वद भागिले तीनशे बत्तीस केलं की दिवसाला सुमारे साडेएकेचाळीस किलोमीटर येतात. पण ही सरासरी आहे. वारा वाईट म्हणून तंबूत बसून काढलेले, दुरुस्तीत गेलेले, विश्रांतीचे दिवस त्यात धरलेले आहेत. त्या दिवशीचं अंतर शून्य. शून्याचे दिवस वाया गेले असं समजून जो खवळलेल्या पाण्यात होडी लोटतो, तो अनेकदा परत येत नाही.

इथं एका चांगल्या माणसाची आठवण काढायला हवी. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू मॅकॉली. कार्पेंटारियाचं आखात त्यांनी फ्रेयाताईंच्या आधी कयाकनं ओलांडलं होतं. त्यांनी ठरवलं, ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडला कयाकनं जायचं. मधे मोठा, थंड, वादळी समुद्र आणि एकही बेट नाही. डिसेंबर २००६ मध्ये ते निघाले, पण थंडी सोसवेना म्हणून लगेच परत फिरले. तयारी सुधारली आणि जानेवारी २००७ मध्ये पुन्हा निघाले. महिनाभर वल्हवून, मोठी वादळं सोसून ते जवळजवळ पोचले होते. ९ फेब्रुवारीला त्यांचा मदतीचा शेवटचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी त्यांची कयाक मिळाली. ते मिळाले नाहीत. मागे पत्नी आणि लहान मुलगा होता.

ते बेफिकीर नव्हते. त्यांना सगळं येत होतं, एकदा ते परतही फिरले होते. तरी समुद्रानं ऐकलं नाही. ही गोष्ट आम्ही घाबरवायला सांगत नाही. तयारीनं धोका कमी होतो, संपत नाही, एवढंच यातून समजून घ्यायचं. म्हणून कुणी आज जात नाही म्हणाली, तर तिला भित्री म्हणायचं नाही.

सहावा प्रश्न: मी कुठं आहे हे कुणाला माहीत आहे?

फ्रेयाताई एकट्या गेल्या असं आपण म्हणतो. होडीत त्या एकट्याच होत्या. कॅफिन यांच्यासोबत किनाऱ्यावरून गाडी घेऊन चालणारी माणसं होती, फ्रेयाताईंच्या मागे तशी गाडी नव्हती. पण त्यांच्याजवळ सॅटेलाइट फोन होता, ठावठिकाणा कळवणारं यंत्र होतं. हवामानाचा अंदाज सांगणारे मित्र होते. किनाऱ्यावर जागोजागी तिथल्या कयाकवाल्यांनी, गावकऱ्यांनी घरी उतरवून घेतलं, खाण्यापिण्याचं सामान मिळवायला मदत केली. एकदा तर शार्क माशानं त्यांच्या कयाकला चावा घेतला होता. अशी कयाक दुरुस्त करून पुढे जायचं तर किनाऱ्यावर ओळखीपाळखी लागतातच.

आपल्याकडचं उदाहरणही असंच आहे. मुंबईचे कौस्तुभ खाडे द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे ३,००० किलोमीटर, कयाकनं गेले. शांजली शाही यांनी किनाऱ्याच्या रस्त्यानं सायकलवरून त्यांना साथ दिली. आपला किनारा त्यात आला. मुक्काम कोळ्यांच्या बंदरांवर, आणि पुढच्या पाण्याची खरी माहिती मच्छीमारांकडे, कारण खडक कुठं आणि जाळी कुठं हे त्यांनाच ठाऊक.

पुढे फ्रेयाताईंनी दक्षिण अमेरिका खंडालाही फेरी घातली. ऑगस्ट २०११ मध्ये सुरू केली, मे २०१५ मध्ये पुरी केली. मधेमधे घरी जात, परत येऊन सोडल्या जागेपासून पुढे. २०१७ पासून उत्तर अमेरिकेचा किनारा त्यांनी असाच तुकड्यातुकड्यांनी हाती घेतला.

आता आपल्या पाण्याकडे

मैत्रिणींनो, आपल्यातली कुणी कयाक घेऊन खंडाला फेरी घालेल की नाही, तो पुढचा भाग. पण पाण्यावर आपण जातो. कोकणात तरीनं खाडी ओलांडतो. धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या शेतावर, बाजाराला, माहेरी होडीनं जातो. विदर्भात मजुरीला डोंग्यानं नदी पार करतो. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत असाच डोंगा उलटला. मिरची तोडायला निघालेल्या बाया होत्या त्यात. काही जणी बुडाल्या. रोजगाराला गेलेल्या बाया घरी आल्या नाहीत.

सगळी साधनं जवळ असलेली बाई निघायच्या आधी सहा प्रश्न विचारते. आपण मात्र मुकादम म्हणाला "बसा लवकर" की बसतो. तर हेच प्रश्न आपल्या बोलीत असे विचारायचे:

होडी धड आहे का? तळाला पाणी येतंय का? हिच्यात किती माणसं बसायची आणि आज किती बसलीत?

वारा सुटलाय का, आभाळ आलंय का, वरून धरणाचं पाणी सोडलंय का, खाडी असेल तर भरती कधीची?

अंगात घालायला जॅकेट आहे का? ते होडीच्या कोपऱ्यात पडलेलं उपयोगाचं नाही. अंगात, पट्टे आवळून घातलेलं हवं. साडीचा काष्टा किंवा ओचा बांधून घ्यायचा, पायात गुंडाळणारं काही मोकळं ठेवायचं नाही.

मधेच काही झालं तर सगळ्यात जवळचा काठ कुठला? होडी हलली तर उठून एका बाजूला धावायचं नाही, बसून राहायचं.

आज नको, असं म्हणायची मोकळीक आहे का? एका दिवसाची मजुरी बुडेल, हे खरं. म्हणूनच हे एकटीनं म्हणायचं नाही, सगळ्या जणींनी मिळून म्हणायचं.

आणि आपण कुणाच्या होडीनं, कुठं, किती जणी गेलो, कधी परत येणार, हे घरी आणि गटात कुणाला तरी माहीत आहे का?

आम्ही ज्या गावांत फिरतो, तिथल्या नदीकाठच्या गटांना आमचं सांगणं आहे: पुढच्या मासिक बैठकीत कर्जवाटप झालं की हा विषय घ्या. आपल्या घाटावर होडी कुणाची, जॅकेटं किती, हे लिहून काढा. जॅकेटं नसतील तर ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि मजुरीला नेणाऱ्याकडेही मागा. गावात पोहता येणारी एखादी बाई किंवा मुलगी असेल, तर उन्हाळ्यात उथळ पाण्यात, मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलींना शिकवायला तिला सांगा. आपल्याकडे मुलगे नदीत डुंबतात आणि मुली काठावर धुणं धुतात. पाणी तर दोघांनाही सारखंच खोल असतं.

तुमच्या गटानं काय ठरवलं, कुठं अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू.